डॉक्टरीणबाईंची अट

सुजाता,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव गच्च भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण माईक हातात घेऊन तुझ्याबद्दल बोलायला लागला. मॅडम कधी कुणावर रागावल्या नाहीत. मॅडमचा आवाज कधी चढला नाही. मी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले होते आणि मनात म्हणत होते, कोण गं बाई ही? कुणाचा कार्यक्रम चाललाय हा? तापाने फणफणलेलं लेकरू चार दिवस घरात ठेवलं म्हणून त्याच्या बापाला भर ओपीडीत "तुमचा ट्रॅक्टर बंद पडला तर चार दिवस थांबता का हो?" असं विचारणारी बाई ती हीच का? तान्ह्या पोरांना चहात बिस्कीट बुडवून चारणाऱ्या आयांवर जिचा आवाज राहात्याच्या स्टँडपर्यंत जायचा, ती? मला हसूच फुटलं. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मात्र खरंच रडू आलं.

निखिलने मला बोलायला उभं केलं. "मावशी, तू तर बोलच," म्हणाला तुझा लेक. वर्गात दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू असणारी मी, आणि माईक समोर आल्यावर काय केलं? "सुजाता माझी मैत्रीण होती," एवढंच बोलले आणि खाली बसले. ते 'होती' माझ्याच कानाला खोटं वाटलं. म्हणून आता हे लिहितेय. तू वाचणार नाहीस, कळतंय मला. तुला तसंही लांबलचक वाचायचा कंटाळाच होता.

लोकांना आपलं काही माहीतच नाही गं. एका गावच्या दोघी, नगरच्या होस्टेलवर एका खोलीत अकरावी-बारावी सायन्स केलेल्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तू संपवायचीस आणि तुझ्या आईने दिलेले बेसनाचे लाडू मी. तू मेडिकलला गेलीस, मी डी.एड.ला. तू राहात्यात लहान मुलांचा दवाखाना काढलास. मी आधी अकोले तालुक्याच्या डोंगरात आणि मग बदली होऊन राहात्याजवळच्या वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवत राहिले. आणि तेव्हापासून आपला एकच वाद. लेकरांचं जास्त भलं कोण करतं, डॉक्टरीण की मास्तरीण?

किती भांडलो त्यावरून! फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीत भंडारदऱ्याला जाताना इतक्या जोरात, की कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली उतरून भांडता का?" तू म्हणायचीस, मूल आधी जगलं पाहिजे, मग शिकेल. मी म्हणायचे, नुसतं जगवून काय करतेस, माझ्याकडे पाठव, माणूस करते. तू म्हणायचीस, तुला मे महिन्याची सुट्टी असते. सुट्टी! मतदारयाद्या कोण करतं, तुझा कंपाउंडर? मी म्हणायचे, तुझी चूक त्याच दिवशी कळते आणि सुधारता तरी येते. माझी चूक मोठी होऊन गावात हिंडत राहते आणि मला कधी कळतही नाही. एकदा जेवताना यावर तू हातातला घास खाली ठेवलास. मग म्हणालीस, "आणि माझं बरोबर आलेलं मला कधी दिसत नाही. बरं झालेलं मूल कशाला येईल दवाखान्यात? तुला बाजारात पोरं वाकून नमस्कार करतात. मला बघितलं की आईच्या मागे लपतात, सुई टोचेल म्हणून." हे सांगताना तू हसत होतीस, पण तुला ते लागत होतं. मला ते कळलं होतं आणि मी नुसतं तुझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

कावेरीचं आठवतं? दुसरीतली. रोज शाळेत दुपारपासून पोट धरून बसायची. घरी गेली की बरी. आधी मला वाटलं अभ्यास टाळायचं ढोंग आहे, पण पोरगी तर हुशार होती. तुझ्याकडे पाठवली. तू जंताचं औषध दिलंस, लघवी तपासलीस, पोट दाबून बघितलंस आणि मला फोन करून सांगितलंस, "हिच्या पोटात काही नाही. तुझ्या वर्गात काही असेल तर बघ." माझ्या वर्गात! मी अशी काही भडकले की आठवडाभर तुझा फोन उचलला नाही. माझ्या वर्गात मारत नाही कुणी, ओरडत नाही कुणी. म्हणजे ओरडते मी, पण ते पोरांना चालतं. आणि शेवटी कोडं कुणी सोडवलं, तर आमच्या केतकीने. तेव्हा ती माझ्याच शाळेत चौथीत होती. जेवता जेवता सहज म्हणाली, "आई, कावेरी संडासला जात नाही शाळेत. कडी नाहीये ना आतून. ती पाणीपण पीत नाही दिवसभर."

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मी कडी बसवली आणि तू त्या पोरीला भरपूर पाणी प्यायला सांगून, पोट साफ व्हायचं औषध देऊन महिन्याभरात बरी केलीस. त्यावरही आपण भांडलो. तुझं म्हणणं, दुखणं पोटाचं होतं म्हणजे केस माझी. माझं म्हणणं, कडी माझ्या शाळेची. आणि केतकी आपल्या दोघींकडे बघत बसलेली, भात कालवत. डॉक्टरला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही, ते त्या पोरीने शेजारी डबा खाणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं होतं. आपण दोघींनी ही गोष्ट नंतर किती जणांना किती वेळा सांगितली असेल, आणि दरवेळी तू तिच्यात स्वतःचं थोडं जास्त घालायचीस.

केतकीवर तुझा हक्क होताच. ती वेळेआधी जन्मली तेव्हा मूठभर होती. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते लालबुंद बाळ बघून मी तोंड फिरवून घेतलं होतं. वाटलं, माया लावायची आणि मग हे जायचं. तू माझा हात ओढून पेटीच्या भोकातून आत घातलास आणि तिच्या पायाला लावलास. "हात लाव. तिला कळू दे कुणीतरी आहे बाहेर." रोज ओपीडी उरकून यायचीस आणि ड्रॉपरने माझं दूध तिला थेंब थेंब पाजायचीस, कारण माझा धीर व्हायचा नाही. पुढे तिने पाढे म्हणून दाखवले, बक्षीस आणलं, की तू म्हणायचीस, "जगवली मी, शिकवली तू. निम्मी निम्मी." मी म्हणायचे, बाळंतपण मी सोसलं, तर माझे बारा आणे.

आणि तुझा निखिल. तिसरीत गेला तरी त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, 'ब' आणि 'व' उलटेपालटे. तू त्याचे डोळे तपासलेस, कान तपासलेस, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणलंस. मग मे महिन्यात त्याचं दप्तर घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस. ती सुट्टी, जिच्यावरून तू मला टोमणे मारायचीस! वाळूत बोटाने अक्षरं काढत, पिठात काढत, त्याच्या पाठीवर काढत मी त्याला शिकवलं. तू पोरांच्या छोट्या बाकड्यावर गुडघे छातीशी घेऊन बसायचीस, अगदी पहिलीच्या पालकासारखी, आणि मधूनच विचारायचीस, "येईल ना गं त्याला?" तुला औषध माहीत नव्हतं यावरचं. ज्या दिवशी त्याने दुकानाची पाटी सलग वाचली, त्या दिवशी तू मला साडी आणलीस. भयंकर रंगाची होती. मी ती अजून नेसते.

एक दुपार मात्र आपण कधीच बोलून काढली नाही. तुझ्याकडे फार उशिरा आणलेलं एक बाळ गेलं होतं आणि नातेवाइकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू न सांगता माझ्या शाळेत आलीस. मी फळ्यावर 'क'ची बाराखडी लिहीत होते. तू खुणेनेच सांगितलंस, चालू दे, आणि मागे पोरांच्यात सतरंजीवर बसलीस. पोरांनी तुला जागा दिली, पाटी दिली. शाळा सुटेपर्यंत तू तिथेच होतीस. पोरं गेल्यावर मी शेजारी येऊन बसले. तू पाटीवरचं पुसत म्हणालीस, "इथे सगळी जिवंत आहेत गं, नंदे." मी उरलेल्या खिचडीतली दोन ताटं वाढून आणली आणि आपण व्हरांड्यात बसून खाल्ली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तू या वादात जिंकायला बघतच नाहीयेस. तुला माझ्या तोंडून ऐकायचंय, की हो बाई, तुझंच काम मोठं. मी ते सांगितलं नाही. वाटलं, आहेच की जन्मभर, सांगू कधीतरी.

मग ती अट. केतकी आठवीत असेल. तुझ्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत आपण जेवत होतो, ती कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तू म्हणालीस, "नंदे, तू झाली असतीस डॉक्टर. मार्क होते तुला. घरच्यांनी डी.एड.ला घातलं आणि तू त्याचंच देऊळ बांधून बसलीस."

"मला व्हायचंच नव्हतं डॉक्टर."

"थापा मारू नकोस."

"तुझी शपथ."

"माझी कशाला घेतेस? एक कर. उद्या हिला मेडिकलची सीट मिळाली आणि ही म्हणाली, मला नको, मला शाळेत बाई व्हायचंय, तर हसत हो म्हणून दाखव. त्या दिवशी मी कान धरून चारचौघांत कबूल करीन, की मास्तरीण मोठी."

"म्हणेन की. त्यात काय?"

"बघू हं, बघू," म्हणालीस आणि लोणच्याची फोड चोखत माझ्याकडे असं बघितलंस, की मला ठसकाच लागला. खरं सांगू? मला आजही सांगता येणार नाही की मी डी.एड.ला गेले ती घरच्यांच्या सांगण्यावरून की मनाने. दोन वर्षांत नोकरी लागेल असं सगळे म्हणाले आणि मी गेले. मग पहिल्या वर्षी अकोल्याच्या त्या डोंगरातल्या शाळेत एका पोराने स्वतःचं नाव लिहिलं, ते वाचलं, आणि धावत घरी आईला दाखवायला गेला, शाळा अर्धी टाकून. त्यानंतर मी कधी मागे वळून बघितलंच नाही. बघायची भीतीही असेल. तू तेवढं नेमकं धरलं होतंस.

आणि या वर्षी केतकीने नीटमध्ये मार्क काढले. सरकारी कॉलेज मिळणार हे नक्की. आमच्या ह्यांनी कारखान्याच्या ऑफिसात पेढे वाटले, भावकीला फोन झाले. आणि आमची ही बया काय करते, तर मला न सांगता, बापाला न सांगता, आधी तुला जाऊन सांगते, की मावशी, मला डॉक्टर नाही व्हायचं, मला शिकवायचंय.

तुझा फोन आला तेव्हा मी पोषण आहाराची माहिती मोबाईलमध्ये भरत होते. तू आधी नुसती हसलीसच. "आली का नाही वेळ, मास्तरीणबाई?" मी म्हटलं कसली वेळ, तर तू सगळं सांगितलंस. मी विचारलं, "तू काय म्हणालीस तिला?" तू म्हणालीस, "मी कशाला काय म्हणू? अट तुला घातलीय. रविवारी येते जेवायला, वांग्याचं भरीत कर. मला काय वाटतं ते समोरासमोर सांगते, फोनवर नाही." मी म्हटलं, आत्ता सांग. म्हणालीस, "नाही. मला तुझं तोंड बघायचंय."

शनिवारी सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच तू गेलीस. असं कुणी जातं का गं? वादाच्या ऐन मध्यावर, दुसऱ्याला टांगून ठेवून? मी तुझ्यावर इतकी रागावलेय, सुजाता, की तुझ्या फोटोसमोर हात जोडतानाही मी मनात तुला ओरडत होते. काय सांगणार होतीस? डॉक्टर कर म्हणणार होतीस? की कान धरणार होतीस? मी रोज भांडी घासताना तुझ्या दोन्ही बाजूंनी बोलून बघते. तुझा आवाज काढता येतो मला, पण तू काय बोलली असतीस ते काही येत नाही.

मधल्या दिवसांत सीट जाहीर झाली. कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायची मुदत जवळ यायला लागली. आमचे हे घरात कुणाशी बोलेनात. मग एकदा म्हणाले, "तू सांग तिला. तुझं ऐकेल. सरकारी सीट कुणी लाथाडतं का? लोक देव पाण्यात घालून बसतात." त्यांचं चुकत नव्हतं. मला तर त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला लागली तशी नोकरी आता कुठे लागतेय? टीईटी द्या, भरतीची वाट बघा, मग तुटपुंज्या मानधनावर शिक्षणसेवक म्हणून राबा. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायची भाषा चाललीय, माझीच शाळा त्या धाकात आहे. मी आयुष्यभर ज्या कामाचे गोडवे गायले, ते काम माझ्या पोरीला मिळेल की नाही याची मला खात्री नव्हती. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. माझी लेक डॉक्टर झाली असं सांगायची हौस मलाही होती. तुझ्यासारखी पाटी, तुझ्यासारखा दरारा. तुला बरोबर कळलं होतं, चेटकिणी.

एका संध्याकाळी मी केतकीला समोर बसवलं. आधी मी सगळं सांगितलं. भरतीचं, बदल्यांचं, जनगणना आणि निवडणुकीच्या ड्युट्यांचं, वरून रोज येणाऱ्या नव्या ॲपचं. तिने मान डोलावली. म्हणाली, "माहितीय आई. मी तुझ्याच घरात वाढलेय."

"माझ्याकडे बघून ठरवलंस का?"

"छे गं, तू तर चिडकी बाई आहेस."

"मग?"

"सुट्टीत मी मावशीकडे बसायचे ना, तेव्हा बघायचे. मूल आत पाच मिनिटं असतं. आई बोलते, मावशी बोलते, मूल नुसतं बघतं. मावशी त्याला बोलतं करायची, पण तिला बाहेरची रांग दिसत असायची. मला ती घाई नको. मला मूल दिवसभर समोर हवंय. आज नाही बोललं तर उद्या बोलेल."

"हे मावशीला सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुझ्या आईला सांग आणि ती हो म्हणेपर्यंत हलू नकोस. बाकी काही नाही म्हणाली. पण आई, तिने मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही."

तिने जवळ घेतलं आणि सोडलं नाही. एवढंच मिळालं मला तुझं. त्याचा अर्थ काय लावू? आनंद झाला होता तुला, की हातातून काही निसटल्यासारखं वाटलं होतं? मूठभर असताना थेंब थेंब पाजून जगवलेली पोर आपल्या वाटेने येणार असं तुला वाटत असणार. ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. माझ्यापुढे तू फक्त भांडायचीस.

मी केतकीला हो म्हणाले. अट हसत हो म्हणायची होती. मी रडत म्हणाले, चालेल का? ह्यांनी जेवणाचं ताट सरकवलं आणि अंगणात जाऊन बसले. नंतर आत येऊन केतकीला म्हणाले, "मग निदान चांगली बाई तरी हो." तेवढं बोलायला त्यांना किती लागलं असेल, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि निखिलचा निरोप आला होता, दवाखान्यातली खेळणी शाळेला घेऊन जा. केतकीला घेऊन मी राहात्याला आले. शटर खाली होतं, आणि पायरीवर एक बाई बसली होती, मांडीवर दीडेक वर्षाचं पोर. पोराचे गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले.

"डॉक्टरीनबाई कवा येत्यात वो?" तिने मला विचारलं. "सकाळधरनं बसलेय."

केतकी तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, डॉक्टर मॅडम वारल्या."

"अगं बया!" ती बाई बघतच राहिली. "मला म्हाईत न्हाई गं. आमी भातलावणीवरनं आत्ताच आलोय गावाला. माज्या थोरलीला त्यांनीच जगीवलं हुतं." आणि ती रडायला लागली, तोंडाला पदर लावून, पोराला छातीशी घट्ट धरून. मी तिच्यासमोर उभी होते, आदल्याच संध्याकाळी पोरीची डॉक्टरकी सोडून आलेली. काय वाटलं ते तुला कसं सांगू? तुझ्या दारात, तुझ्या पायरीवर, मी शिकवलेली एकही बाराखडी त्या लेकराचा ताप उतरवणार नव्हती.

रिक्षा केली आणि तिला घेऊन दुसऱ्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे रांग. केतकीने बाटलीतल्या साध्या पाण्याने रुमाल भिजवला आणि पोराचं कपाळ, मान, काखा पुसत बसली, अगदी तू करायचीस तशी, हळूहळू, मधूनच फुंकर घालत. पोर तिच्याकडे बघत होतं. माझ्या मनात आलं, बदल गं मन. अजून मुदत आहे. मी बोललेच.

"केतके, बदललं का मन?"

"नाही," ती म्हणाली. "तुला बदलायला हवंय का?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? तेव्हा हवं होतं मला.

"मावशीची आठवण येतेय तुला, म्हणून," ती म्हणाली आणि रुमाल परत भिजवला.

डॉक्टर तरुण होते, भले होते. घशाला सूज आहे म्हणाले, औषध दिलं, घाबरू नका म्हणाले. ताप थोडा उतरला तसं पोर आईच्या खांद्यावर झोपलं. त्या बाईने केतकीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई मायेनं केलंस गं पोरी. डाक्टर हो मोठी."

केतकी हसली. "नाही ताई, मी शाळेत बाई होणार आहे."

"व्हय का?" ती म्हणाली, पोराच्या कानावर फडकं गुंडाळत. "ते बी बरंच हाय की." आणि स्टँडकडे चालायला लागली.

बघ ना, किती सहज म्हणाली. तिचं लेकरू झोपलं होतं, तिला पुढची गाडी धरायची होती. डॉक्टरीण मोठी की मास्तरीण, हे तिला नको होतं, ह्यांना नको होतं, केतकीलाही नको होतं. तिने तर वादात न पडता आपली वाट धरली. या अख्ख्या जिल्ह्यात ते फक्त दोन बायकांना हवं होतं. आता एकटी मी आहे. तुझी अट पुरी केली मी, जिंकलेही असेन, आणि मला आत्ता या क्षणी तुझ्यासमोर हरायचंय गं. तुझंच काम मोठं होतं, सुजाता. घे, म्हटलं. आता नाही म्हण ना. भांड ना माझ्याशी.